भाऊबीज ते चंपाषष्ठी : सोलापुरात नव्यानं संसार मांडलेल्यांसाठी

रेल्वे, बँक, विद्यापीठ, एनटीपीसी, नाहीतर एमआयडीसीतली नोकरी घेऊन दरवर्षी बरीच कुटुंबं सोलापुरात येतात. पहिली दिवाळी इथं होते आणि भाऊबीज उलटली की घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, पैसे गेले कुठं? बाकी महाराष्ट्रात दिवाळीनंतर थेट उन्हाळी सुट्टीपर्यंत उसंत असते. इथं जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा येते, तिला सगळे गड्डा म्हणतात, आणि सोलापूरकरांसाठी ती दुसरी दिवाळीच. कपडे, पाहुणे, खाणं, पाळणे सगळं परत एकदा. मध्ये मार्गशीर्षात इथल्या बाळे भागातल्या खंडोबाची यात्रा आणि वेळा अमावास्या, म्हणजे शेतात जाऊन जेवायचा सण. म्हणून हात आखडायचा तो भाऊबीज ते चंपाषष्ठी, जेमतेम पस्तीस दिवस. तेवढे सांभाळले की गड्ड्याला उसनवारी करावी लागत नाही.

सगळ्यात आधी ज्वारी, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त पैसे इथंच घालवतो. कॉलनीत कुणीतरी सांगतं, "सालाची ज्वारी भरून टाका, इथं सगळे भरतात." हातात बोनस असतो, मंगळवेढ्याच्या मालदांडीचं नाव ऐकलेलं असतं, आणि नोव्हेंबरातच क्विंटलभर पोतं घरात येऊन पडतं. हे करू नका. इथले लोक सालाची ज्वारी भरतात हे खरं, पण ती फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बीची, म्हणजे शाळू, खळ्यावरून आल्यावर. नोव्हेंबरात शाळू अजून शेतातच उभा असतो. त्या वेळी दुकानात जी चांगली मालदांडी असते ती मागच्या मार्चची. उन्हाळा आणि पावसाळा कुणाच्या तरी गोदामात काढलेली, वर्षाच्या शेवटच्या चढ्या भावाची. ती घरी आणून आणखी आठ महिने ठेवायची म्हणजे सोंडे पाळायचेच.

दुसरी फसगत याहून वाईट. दिवाळीच्या आसपास दुकानदार "नवी ज्वारी आली" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. ती खरिपाची, हायब्रीड असते. दाणा काढणीच्या वेळी पाऊस लागला की काळवंडतो, भाकरी मळकट होते आणि चवीला सपक लागते. स्वस्त पडते म्हणून घेतलेली ही ज्वारी शेवटी कुणाच्या तरी गुरांना जाते. पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. बाहेर काढल्यावर हाताला पांढरी भुकटी चिकटली तर आत कीड आहे. दाणा टपोरा, मोत्यासारखा चमकणारा असावा, दाताखाली कट्‌कन फुटावा.

हिशोबही करून ठेवा. एका भाकरीला नव्वद ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं, किलोत अकरा भाकरी. चार माणसांनी रोज प्रत्येकी दोन खाल्ल्या तर महिन्याला बावीस किलो. पण कोकणातून, पुण्याकडून आलेल्या घरात निम्मी जेवणं भात-पोळीचीच असतात, तिथं दहा-बारा किलो पुष्कळ झाले. या पस्तीस दिवसांत पाच-पाच किलोच आणा आणि तेवढीच दळा. ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांवर गेलं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, मग नवीन सुनेला किंवा ज्वारीला दोष. मार्चमध्ये शाळू आला की खुशाल भरा. तीन दिवस कडक ऊन द्या, गार झाल्यावर कोठीत घाला आणि थरांमध्ये वाळलेला कडुलिंबाचा पाला टाका. गरम धान्य कोठीत घातलं तर आत घाम धरतो आणि वास येतो.

हाच नियम बाकीच्या किराण्यालाही लावा. नवी तूर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीत येते, तोवर डाळ महिन्यापुरती. लाल मिरची जानेवारीनंतर, मसाला चैत्र-वैशाखात. उडीद, मूग श्रावण-भाद्रपदात निघून गेलेले असतात, ते आता घेतले तर चालतं. आता भरण्यासारखी एकच वस्तू, शेंगदाणे. खरिपाच्या शेंगा नुकत्याच निघालेल्या असतात आणि सोलापुरी स्वयंपाकाला कूट लागतं ते भरपूर. पाच किलो घेऊन ठेवायला हरकत नाही, वाळलेले असल्याची खात्री करून. ओलसर दाण्याला बुरशी येते आणि बुरशीचा दाणा निवडून उरलेला वापरण्यातही अर्थ नाही.

शेंगाचटणी पुड्यातली घेऊ नका. अर्धा किलो दाणे मंद आचेवर भाजून सालं काढा, चाळीस-पन्नास ग्रॅम लसूण, तेवढंच लाल तिखट, चमचाभर जिरं, मीठ. उखळ असेल तर उत्तम. मिक्सर असेल तर बटण दाबून लगेच सोडायचं, असं आठ-दहा वेळा. सलग फिरवलं की लोणी होतं. तेल सुटून चटणी हातात घट्ट बसली पाहिजे. दही-भाकरी आणि ही चटणी, यावर आठवड्यातली तीन रात्रीची जेवणं निघतात आणि इथं त्याला कुणी गरिबीचं जेवण समजत नाही.

कांद्याबद्दल सावध. हैदराबाद रोडच्या बाजार समितीत या दिवसांत लाल कांद्याच्या गाड्या लागतात, डिसेंबर-जानेवारीत तर रांगा. भाव पडलेला पाहून नवीन माणूस गोणी उचलतो. लाल कांदा टिकाऊ नाही. त्याची पात ओली असते, साल पातळ, दोन-तीन आठवड्यांत कोंब किंवा काळी पूड. उन्हाळी कांद्याची गोष्ट वेगळी, तो पंख्याखाली पसरून पावसाळाभर राहतो. आता आठ दिवसांपुरता, तीन किलो, बस. भाजी मंडईत संध्याकाळी सातनंतर घ्या. मेथी, चुका, पालक उरलेल्या जुड्या तेव्हा स्वस्तात जातात. वांगी मात्र चंपाषष्ठीच्या आदल्या दोन दिवसांत महागतात, चातुर्मासात न खाणारी सगळी घरं एकदम भरताला निघतात.

आता घरात काय पडलंय ते पाहा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी डबे ओट्यावर काढा आणि मगच किराण्याची यादी करा. रवा, बेसन, पिठीसाखर, पातळ पोहे, खोबरं, भाजणी यांतलं काही ना काही उरलेलं असतंच, तरी नेहमीची यादी तशीच दुकानात जाते. रवा कोरडा भाजून ठेवला की जाळी धरत नाही. खोबरं आधी संपवा, ते खवट होतं, लसणाबरोबर कुटून टाका. भाजणीची थालीपीठं. शेवेचा चुरा कांद्याच्या रश्श्यात, चकलीचे तुकडे मटकीच्या उसळीवर. चिवडा मऊ पडला असेल तर जाड कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परता, पुन्हा तेल घालू नका. तळणाचं तेल गाळून फोडणीत आठ-दहा दिवसांत संपवायचं. काळं, फेसाळणारं असेल तर टाकून द्यायचं, त्यात पुन्हा पुऱ्या नकोत.

पाहुणे. सोलापूर अशा जागी आहे की तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर तिन्हीकडं इथून जाता येतं, पुढं गाणगापूरही. तुम्ही सोलापुरात राहायला गेलात हे गावाकडं कळलं की सगळ्यांना देवदर्शन आठवतं. पाडव्यापासून दहा-अकरा दिवसांनी कार्तिकी एकादशी, शाळांच्या सुट्ट्या, मग तर विचारूच नका. येणाऱ्याला नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. पण दरवेळी दिवसभराची गाडी ठरवणं तुमच्या खिशातून जातं. एसटीनं न्या. तिन्ही ठिकाणी सकाळपासून गाड्या असतात. बायकांना राज्याच्या हद्दीत अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या वरच्यांना फुकट, पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं. वयाच्या सवलतीसाठी ओळखपत्र बरोबर हवं, त्याशिवाय वाहक ऐकत नाही. आई, मावशी, दोन मुलं आणि सत्तरीचे काका असा जथा असेल तर गाडीभाड्याच्या मानानं एसटीचा खर्च किरकोळ. गाणगापूर कर्नाटकात, ही सवलत तिथवर चालत नाही. तिकडं रेल्वेनं गाणगापूर रोडपर्यंत जाऊन पुढं स्थानिक वाहन करा. आणि एका फेरीत एकच देव. दिवसात तीन देव उरकायचे ठरले की गाडी करावीच लागते.

उधारीचं म्हणाल तर दिवाळीची खरेदी कार्डावर झाली असेल, तर "किमान रक्कम" या शब्दांपासून लांब राहा. तीस हजारांचं बिल, किमान पाच टक्के म्हणजे दीड हजार भरले असं समजा. महिन्याला साडेतीन टक्के दरानं व्याज एक हजार पन्नास, त्यावर अठरा टक्के जीएसटी एकशे एकोणनव्वद. मुद्दलातून गेले फक्त दोनशे एकसष्ट रुपये. शिवाय पूर्ण बिल भरलेलं नसल्यानं पुढच्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. परवा त्याच कार्डावर घेतलेल्या साखरेवरसुद्धा. कार्ड महिनाभर कपाटात, आणि मोडता येईल ती छोटी ठेव मोडून बिल पूर्ण भरा. ठेवीचं व्याज कितीही म्हटलं तरी याच्या जवळपास येत नाही.

किराणा दुकानातलं खातं वेगळं. इथला दुकानदार चेहरा ओळखीचा झाला की स्वतःहून "लिहून ठेवतो की" म्हणतो. हा त्याचा चांगुलपणाच, सोलापूरकर माणसावर लवकर विश्वास टाकतात. पण वहीत लिहिलं की पाव किलोच्या जागी अर्धा किलो येतो. दिवाळीत व्यापाऱ्याची नवी वही सुरू होते, तोच मुहूर्त धरून जुनं फेडा आणि पस्तीस दिवस रोखीनं घ्या. भिशीत नव्यानं शिरायचं असेल तर मार्चपर्यंत थांबा.

पाणी रोज येत नाही हे पहिल्या आठवड्यातच कळलं असेल. म्हणून सगळेच जार लावतात, आणि उन्हाळ्यात लावलेला रोजचा जार थंडीतही तसाच चालू राहतो. चार माणसांना या दिवसांत पिण्यासाठी रोज दहाएक लिटर पुरतं, वीस लिटरचा जार एक दिवसाआड सांगा. बोअरचं पाणी जड आहे. त्यात डाळ शिजत नाही, शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात आणि सिलिंडर लवकर संपतो. डाळीला नळाचं पाणी वापरा, अर्धा तास भिजवा. त्याच जड पाण्यानं गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं. थर साचला असेल तर तेवढ्याच पाण्याला जास्त वेळ. थंडीआधी एकदा साफ करून घ्या. वीजबिलाचे टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांवर बदलतात. तीनशे ओलांडले तर फक्त वरच्या युनिटांना चढा दर लागतो, सगळ्या बिलाला नव्हे. तेव्हा दोन-चार युनिटांसाठी रात्री अंधारात बसायची गरज नाही.

रेशन कार्ड गावाकडचं असलं तरी अन्नसुरक्षेतलं असेल तर धान्य इथल्या दुकानात अंगठा लावून मिळतं. लाजून न जाणारे बरेच आहेत, विशेषतः पुण्याहून आलेले.

कामवाल्या मावशींचा पगार, मुलांचं दूध, औषधं यांना हात लावू नका.

बाहेरून आलेल्या मंडळींची एक खोड सांगितली पाहिजे. "इथं काही मिळत नाही" म्हणत दर पंधरा दिवसांनी पुण्याची वारी करायची, आणि जाण्यायेण्याच्या खर्चात तिथून आणायचं तेच जे सोलापूरच्या नवी पेठेत मिळतं. नवी पेठ, चाटी गल्ली, मधला मारुती हा इथला बाजार एकदा पायी हिंडून या. भाव करायला लाजू नका. तेलुगू-कन्नड येत नसलं तरी अडत नाही, "कितीला देणार?" पेक्षा "परवडेल असं सांगा की" म्हटलं तर लवकर जमतं.

गड्ड्यासाठी आताच वेगळं पाकीट करा. गड्डा भरतो त्या होम मैदानावर घरून जेवून, मधल्या वारी, एकदाच जायचं. रिकाम्या पोटी गेलेली मुलं पाळण्यांपेक्षा भज्यांवर जास्त खर्च करतात. सिद्धेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा आणि नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक पाहायला पैसे लागत नाहीत, फक्त लवकर जाऊन जागा धरावी लागते.

आणि चादरी. संक्रांतीला गावी जाताना प्रत्येक नातेवाईक दोन-दोन सोलापुरी चादरी सांगतो, "तिकडं स्वस्त मिळतात ना" म्हणून. अस्सल जॅकार्ड चादर इथंही स्वस्त नसते, आणि फुटपाथवर जी स्वस्त असते ती बहुतेकदा पानिपतची. ज्यानं सांगितली त्याच्याकडून पैसे आधी घ्या, मगच दुकानात जा.