ओलुकुमी गावांत भाषा नोंदवायला जाताना

‘तुम्ही योरुबा की इग्बो?’ हा प्रश्न वहीत लिहिला असेल, तर निघण्यापूर्वीच खोडून टाका. योरुबा आणि इग्बो हे नायजेरियातले दोन मोठे समाज, आणि त्यांच्या भाषांची नावंही तीच. ओलुकुमी ही योरुबाच्या कुळातली, पण इग्बोभाषक मुलखात बोलली जाणारी छोटी भाषा. नायजेरियाच्या डेल्टा राज्यातल्या ओलुकुमी गावांत जाणारा प्रत्येक पाहुणा हाच प्रश्न घेऊन जातो, आणि उत्तर मिळालं की आपल्याला सगळं कळलं असं समजतो. मी आफ्रिकी भाषा शिकवते, नोंदवायला शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवसापासून सांगत आले आहे की माणसाची भाषा एका रकान्यात लिहायची, त्यानं स्वतःला काय म्हटलं ते दुसऱ्यात, आणि एका रकान्यातून दुसरा कधीही भरायचा नाही. पुढचं सगळं या एका शिस्तीसाठी आहे.

आधी नकाशा पक्का करा. ही गावं अनिओचा नॉर्थ या स्थानिक शासन क्षेत्रात येतात. त्याचं मुख्यालय इसेले-उकू. उग्बोदू आणि उक्वू-न्झू ही भाषेची मुख्य ठिकाणं. आसपासची उबुलुबू, उगबोबा, ओगोदोर ही गावं त्यांच्यासह ओदिआनी या नावाखाली एकत्र मोजली जातात. चहूकडे एनुआनी इग्बो (इग्बोची इथली बोली) बोलणारी गावं आहेत, आणि पूर्वेला असाबा ओलांडलं की नायजर नदीपलीकडे ओनित्शा. योरुबांचा सलग मुलूख मात्र लांब, पश्चिमेकडे, मधला एदो लोकांचा प्रदेश सोडून. म्हणजे हे चहूबाजूंनी वेढलेलं भाषेचं बेट आहे. गावांना दोन-दोन नावंही असतात. उक्वू-न्झूला ओलुकुमीत एको एफून म्हणतात. दोन्ही नावं लिहा, आणि कोणतं कोणाच्या तोंडून आलं तेही लिहा. भाषेचा आंतरराष्ट्रीय कोड ‘यूएलबी’ असा तीन अक्षरांचा आहे. तो प्रत्येक फाइलच्या माहितीत घाला, नाहीतर संग्रहात तुमचं काम ‘योरुबाची बोली’ म्हणून कुठंतरी बुडून जाईल.

तो खोडलेला प्रश्न जड का, हे समजून घ्या. देशाच्या 1999च्या राज्यघटनेनं राष्ट्रीय संसदेच्या कामकाजासाठी इंग्रजीशिवाय हौसा, इग्बो आणि योरुबा या तीनच भाषांची नावं घेतली आहेत. बाकीच्यांनी कुठल्यातरी मोठ्या घरात राहायचं, अशी सवय त्यातून समाजाला लागते. ओलुकुमी माणूस राहतो इग्बोभाषक मुलखात, त्याची भाषा योरुबाच्या कुळातली, आणि राजकीयदृष्ट्या तो अनिओमा, म्हणजे नायजरच्या पश्चिमेकडच्या या पट्ट्यातला. हे नाव राजकीय नेते डेनिस ओसादेबे यांनी अनिओचा, न्दोक्वा, इका आणि ओशिमिली या नावांतून रुजवलं. त्यात 1967 आहे, इग्बोबहुल बियाफ्रा फुटून निघाल्यावर पेटलेलं यादवी युद्ध. त्या ऑक्टोबरात केंद्रीय सैन्यानं असाबात शेकडो पुरुष आणि मुलगे मारले. त्या युद्धानंतर स्वतःला इग्बो म्हणवणं ही अनेकांसाठी जिवावरची गोष्ट झाली. नदीच्या खालच्या अंगाला पोर्ट हारकोर्टजवळ इक्वेरे लोकांनी गावांच्या नावांतलं इग्बो ‘उमु’ बदलून ‘रुमु’ केलं, ते याच काळातलं. पांढऱ्या केसांच्या माणसाला तुम्ही सहज म्हणून ‘तुम्ही इग्बो का?’ विचारता, तेव्हा त्याच्या कानावर काय पडतं याचा विचार करा. सरकारसुद्धा 2006च्या जनगणनेत वंश आणि धर्म हे प्रश्न वगळून मोकळं झालं. आपण त्याहून उद्धट होऊ नये.

गावात गेल्यावर आधी प्रमुखाकडे जायचं. उग्बोदूच्या प्रमुखाला ओलोझा म्हणतात. कोला (पाहुणचारात फोडून वाटतात ती कडसर बी) आणि पेय घेऊन जा, काम काय ते उभ्या उभ्या सांगू नका. कोला फोडण्यापूर्वी जी प्रार्थना होते ती लक्ष देऊन ऐका: कोणत्या भाषेत सुरू झाली, मध्ये बदलली का, पूर्वजांची नावं घेताना कोणती आली. त्या वेळी यंत्र लावू नका. नंतर आठवणीनं लिहा. बोलणाऱ्यांचा दिवस मोडतो, शेत राहतं, तेव्हा मोबदला नायरात (तिथल्या चलनात) किती, हे पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर ठरवा. कुजबुजत दिलेल्या पैशानं गावात भांडणं लागतात.

आता शब्दसूची. इथं मी जरा थांबणार आहे, कारण बहुतेक नोंदी इथंच बिघडतात.

मदतनीस लागोसहून आणू नका. प्रमाण योरुबा बोलणारा समोर बसला की ओलुकुमी बोलणारा माणूस आदरानं त्याच्या बोलीकडे सरकतो, आणि तुम्हाला लागोसची योरुबा मिळते. प्रश्न इग्बोतून विचारले तर इग्बो शब्द पुढे येतात. पिजिन (तिथली मिश्र इंग्रजी) त्यातल्या त्यात बरी, पण सर्वांत चांगलं म्हणजे वस्तू हातात धरणं. उखळ, मुसळ, पामतेल, याम (आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद) समोर ठेवा आणि गावातल्याच तरुणाला विचारायला लावा. आजीनं नातवाला दिलेलं उत्तर आणि पाहुणीला दिलेलं उत्तर यांत खूप फरक असतो.

ऐकताना दोन गोष्टी सांभाळा. प्रमाण योरुबात घराला ‘इले’ म्हणतात, इग्बोत ‘उलो’. ‘उ’नं सुरू होणारा शब्द ऐकू आला की नवखा लगेच लिहितो, ‘इग्बोचा परिणाम’. थांबा. ओवो, ओंदो, एकिती या पूर्वेकडच्या योरुबा बोलींतही घर ‘उले’ असंच आहे. प्रमाण योरुबात सुरुवातीचा ‘उ’ चालत नाही, पूर्वेकडे चालतो. प्रमाण बोलीत जिथं ‘व’ येतो, तिथं आग्नेयेकडच्या बोलींत घशातला घासून येणारा ‘घ’ टिकून असतो, तोही असाच फसवतो. म्हणून तुलनेची यादी तीन रकान्यांची हवी: प्रमाण योरुबा, ओवोची बोली, एनुआनी इग्बो. ओवोचा रकाना नसेल तर शेजाऱ्यांकडून काय आलं आणि घरचं जुनं काय, हे तुम्हाला कधीच ठरवता येणार नाही. सर्वनामं विचारताना ‘तुम्ही आलात’ आणि ‘ते आले’ ही वाक्यं लागोपाठ घ्या. आग्नेयेकडच्या योरुबात ही दोन्ही एकाच रूपात येतात, प्रमाण योरुबात वेगळी राहतात.

मग आकडे. माझा आवडता आकडा पंधरा. योरुबात पंधरा म्हणजे विसाला पाच कमी, इग्बोत दहा आणि पाच. एकापासून वीसपर्यंत मोजायला लावा, पण कागदावर बघून नको, याम मोजताना. आणि तीच व्यक्ती बाजारात पैसे मोजते तेव्हा परत ऐका. भाषा सोडताना माणूस मोठे आकडे आधी सोडतो, हे मी अनेक भाषांत पाहिलं आहे.

सुरांसाठी एक साधी युक्ती आहे. योरुबात तीन सूर, वरचा, मधला, खालचा. इग्बोत मुळात दोन आणि पायरीनं उतरणारा वरचा. शब्द बोलून झाला की बोलणाऱ्याला तोच शब्द शिट्टीनं किंवा तोंड मिटून गुणगुणायला सांगा. व्यंजनं गळून पडतात, नुसता सूर उरतो. आवाज 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह स्वरूपात घ्या, माइक कपड्याला लावा, आणि शेजारचा जनरेटर बंद होण्याची वाट बघा. रात्रीचं ध्वनिमुद्रण बहुधा याच कारणानं वाया जातं.

शब्दसूचीपेक्षा मोलाची नोंद मात्र कोण कोणाशी काय बोलतं ही. घरात, चर्चमध्ये, बाजारात, फोनवर, मुलांना रागावताना, मयताच्या गाण्यात. बाजार चार दिवसांच्या चक्रावर चालतो, एके, ओलिए, आफो, नक्वो. तेव्हा भेटी इंग्रजी वारांवर ठरवू नका. प्रत्येक घरात आईचं आणि आजीचं माहेर विचारा. मुलाची ओळख बापाच्या वंशावर ठरते, पण आई शेजारच्या इग्बो गावातून आलेली असली तर पाळण्यातली भाषा तिची असते. ही एक चौकशी अनेक प्रश्नावल्यांना भारी पडते. आणि व्यक्तीच्या नावावरून काहीही ठरवू नका. पक्कं इग्बो नाव असलेला माणूस घरी ओलुकुमी बोलतो, हे इथं रोजचं आहे.

मुळाच्या कथा शेवटी ऐका. ओवो आणि अकुरे या योरुबा शहरांच्या बाजूनं आलो असं सांगतील, वाटेत बेनिनचं (एदोंच्या जुन्या राज्याचं, त्या नावाच्या देशाचं नव्हे) नाव येईल. एकाच गावातल्या दोन वस्त्या वेगळं सांगतील. त्यांचा मेळ घालू नका. कोण आधी आलं, या कथेवर जमिनीचे आणि गादीचे दावे उभे असतात, आणि तुमची फीत उद्या कुणाच्या तरी बाजूचा पुरावा ठरू शकते. कथा सांगणाऱ्याचं घराणं, वस्ती, समोर कोण बसलं होतं, हे सगळं कथेइतक्याच काळजीनं लिहा. क्यूबातल्या लुकुमींशी (गुलाम म्हणून नेलेल्या योरुबांच्या वंशजांशी) नाव जुळतं म्हणून पाहुणे लगेच अटलांटिक ओलांडतात. तो विषय मोठा आहे. तुम्ही आधी उग्बोदूची नोंद नीट करा.

स्वतःच्या ओळखीबद्दल माणूस आपणहून बोलेल तेव्हा त्याचेच शब्द लिहा. इसेले-उकूच्या कचेरीत तो एक सांगेल, लागोसमधल्या घरमालकाला दुसरं, ओवोच्या पाहुण्याला तिसरं. यात खोटं काही नाही. प्रत्येक उत्तरापुढे ‘कोणाला सांगितलं’ हा रकाना ठेवा.

संमती त्यांच्याच भाषेत, आवाजात नोंदवा, आणि काय लोकांपुढे येऊ द्यायचं नाही हे वेगळं विचारा. निघण्यापूर्वी सगळ्या मुद्रणांच्या लहान प्रती करून गावातल्या तरुणांच्या फोनवर टाका, एक संच शाळेत, एक ओलोझाकडे द्या. परदेशी भाषासंग्रहाकडे त्यानंतर पाठवा.