कम्युनिटी कॉलेजात स्वयंपाक शिकायचा, तर हिशोब असा मांडा

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजची, फी राज्याच्या रहिवाशांना एका युनिटला (अभ्यास मोजायचं माप) ४६ डॉलर पडते. असोसिएट डिग्रीला, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीला, साधारण ६० युनिट, म्हणजे सगळे मिळून २,७६० डॉलर. मी बे एरियातल्या अशाच एका कॉलेजात कलिनरी केलं. नव्याने इकडे आलेली आपली मंडळी भेटली की पहिला प्रश्न फीचाच असतो. खरं तर सगळ्या हिशोबात फीच सगळ्यात किरकोळ.

अर्थात तुम्ही रहिवासी ठरलात तर. राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे पुरावे लागतात. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलात तर कितीही वर्षं राहा, परराज्याचीच फी लागते आणि ती कित्येक पटींनी जास्त असते. शिवाय एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा मिळायला पदवी लागणारी नोकरी हवी, कुकची नोकरी त्यात बसत नाही. फक्त स्वयंपाक शिकायला एफ-वनवर येणाऱ्याला मी सरळ नको म्हणते. ग्रीन कार्ड असेल तर सरकारी मदतीचा अर्ज भरा, पण पेल ग्रँटच्या, म्हणजे परत न करायच्या सरकारी मदतीच्या, भरवशावर राहू नका. आधीची बॅचलर पदवी असली, मग ती भारतातली का असेना, तर ती ग्रँट मिळत नाही. माझं बी.कॉम. इथे असं आडवं आलं. राज्याची फीमाफी वेगळी असते, ती उत्पन्न बघून मिळते.

आता खरा खर्च. किचन लॅब सकाळी लवकर सुरू होते आणि दुपारपर्यंत चालते, कारण विद्यार्थ्यांनी रांधलेलं कॉलेजच्याच कॅफेटेरियात विकलं जातं. त्या वेळेत दुसरं काम करता येत नाही. समजा त्यापायी आठवड्याला २० तासांची मजुरी सोडलीत. राज्याचं २०२५चं किमान वेतन तासाला १६.५० डॉलर धरलं तर दोन वर्षांत ३४,३२० डॉलर गेले. फीच्या बारा पटींहून जास्त! सुऱ्या, शेफ कोट, पुस्तकं, पार्किंग वेगळंच. सुऱ्यांचा अख्खा संच घेऊ नका, एक चांगली शेफ नाइफ आणि एक लहान पेरिंग नाइफ यांवर पुष्कळ निभतं. बुटांत मात्र कंजुषी नको.

आणि डिग्री हातात आल्यावर? रेस्टॉरंटमध्ये लाइन कुक, म्हणजे ऑर्डरी शिजवणाऱ्या रांगेतला कुक, म्हणून लागलात तर शेजारच्या बर्नरवर उभा असलेला, कधीच कॉलेजात न गेलेला माणूस तुमच्याइतकंच किंवा जास्त कमावतो. तिथे मुलाखतीऐवजी स्टाज असतो, म्हणजे एक पाळी काम करून दाखवायचं. शेफ बघतो तुम्ही कांदा कसा चिरता, ओटा कसा पुसता, गर्दीत हात थांबतात का. डिग्रीचा कागद कोणी मागत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आकडेवारीत शेफ आणि हेड कुक यांचं मध्यम वार्षिक उत्पन्न मे २०२३ मध्ये ५८,९२० डॉलर होतं. तो आकडा बघून हुरळू नका, तिथपर्यंत पोचायला लाइनवर वर्षं काढावी लागतात.

डिग्रीला किंमत येते ती हॉस्पिटल, स्कूल डिस्ट्रिक्ट (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था), मोठी हॉटेलं, कंपन्यांची कॅन्टीन अशा ठिकाणी. तिथे जाहिरातीतच शिक्षणाची अट असते, पाळी बहुधा दिवसाची असते आणि आरोग्य विमा मिळण्याची शक्यता जास्त. मुलं लहान असतील तर या दोन गोष्टी तासाच्या दोन-तीन डॉलरपेक्षा मोठ्या. कॉलेजात सगळ्यात उपयोगी पडला तो कॉस्टिंगचा विषय: मासा साफ केल्यावर खरं किती उरतं, एका ताटाला किती खर्च येतो, किंमत किती लावायची. सॉस आपण घरीही शिकू, हे मात्र घरी कोणी शिकवत नाही.

म्हणून आधी डिग्रीऐवजी सर्टिफिकेटचा छोटा कोर्स करा. त्यात इंग्रजी, गणित वगैरे विषय नसतात, फक्त स्वयंपाकाचे असतात. मग वर्षभर एखाद्या किचनमध्ये घाम गाळा. टिकलात आणि वरची जागा दिसायला लागली, तर उरलेले युनिट पुरे करता येतात, आधीचे फुकट जात नाहीत.

शाकाहारी असाल तर प्रवेशाआधीच शिक्षकांशी बोला. अख्खी कोंबडी कापून तुकडे करणं, हाडं उकळून स्टॉक काढणं आणि चाखून बघणं यांवर गुण असतात. काही जण चाखण्यातून सूट देतात, कापण्यातून सहसा नाही.

घरून डबे द्यायचे एवढाच बेत असेल, तर डिग्रीची गरजच नाही. राज्याच्या कायद्याने घरच्या किचनमधून शिजवलेलं जेवण विकता येतं, पण तुमच्या काउंटीने ती योजना स्वीकारलेली हवी. रिव्हरसाइड काउंटीने ती सगळ्यांत आधी स्वीकारली. काउंटीच्या आरोग्य खात्याचा परवाना आणि अन्नसुरक्षेची परीक्षा लागते. शेजारच्या काउंटीत चालतं म्हणून आपल्याकडेही चालेल असं धरून चालू नका, आधी फोन करा.