प्रसादाची वाटी, लग्नातला ग्लास आणि शेजारचा विश्वासणारा: ख्रिस्ती स्वातंत्र्य वापरायचं कसं

गणपती जवळ आले की मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) एक प्रश्न हमखास निघतो: शेजारच्या काकूंनी प्रसाद आणून दिला तर खायचा का? पुढे लग्नसराईत दुसरा येतो: नातेवाइकांनी वाइनचा ग्लास हातात ठेवला तर घ्यायचा का? विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच हवं असतं. येशूचा प्रेषित पौल याने मात्र ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला अशाच प्रश्नाचं उत्तर देताना तीन अध्याय खर्ची घातले (१ करिंथकर ८ ते १०). ताटात काय आहे यापेक्षा पंगतीत कोण बसलंय, यावर ते उत्तर जास्त ठरतं. ते रोजच्या आयुष्यात कसं ठरवायचं, ते पुढे दिलं आहे.

आधी बाब कोणती ते ओळखा

काही गोष्टी पवित्र शास्त्राने सरळ पाप म्हटल्या आहेत: व्यभिचार, फसवणूक, लाच, दारू पिऊन धुंद होणं. बायकोवर हात उचलणंही त्यातच येतं. तिथे ‘कृपा आहे ना’ म्हणून सुटता येत नाही. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं का, हा प्रश्न पौलाने स्वतःच विचारला आणि ठाम नकार दिला (रोमकर ६:१-२). तीताला लिहिलेल्या पत्रात तर कृपाच आपल्याला अभक्ती सोडायला शिकवते, असं म्हटलं आहे (तीत २:११-१२). या यादीतलं काही तुमच्या हातून होत असेल तर पुढचं वाचण्याआधी पाळकांना (पास्टरना) गाठा.

दुसऱ्या बाजूला सुवार्तेचा गाभा आहे. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे (इफिसकर २:८-९). त्याला कोणी अट जोडली, तर प्रेमाखातरसुद्धा मान्य करायची नाही.

या दोन्हींच्या मधे जे उरतं ते खाणंपिणं, सणवार, दागिने, टिकली, डोक्यावरचा पदर, लेंटमधला (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतला) उपवास, रविवारची ड्यूटी. हा लेख तेवढ्यापुरताच आहे.

मधली बाब आणि गाभा यांची गल्लत फार होते. ती टाळायला पौलाचे दोन सहकारी शेजारी ठेवून पाहा. तीमथ्याची त्याने सुंता करवून घेतली, कारण त्या भागातल्या यहुद्यांमध्ये काम करायचं होतं (प्रेषितांची कृत्ये १६:३). तीताच्या बाबतीत मात्र तो एक क्षणही नमला नाही, कारण तिथे सुंता तारणाची अट म्हणून लादली जात होती (गलतीकर २:३-५). विधी एकच, उत्तरं दोन. म्हणून एखाद्या घरगुती प्रार्थनासभेत सगळ्या बायका पदर घेत असतील तर पाहुणीनेही खुशाल घ्यावा. पण तिथे कोणी ‘पदर नाही तर तारण नाही’ असं शिकवू लागलं, तर गप्प बसू नये.

प्रसाद: तीन प्रसंग, तीन उत्तरं

करिंथमध्ये मंदिर आणि भोजनगृह ही फार लांबची ठिकाणं नव्हती. अस्क्लेपियस देवाच्या मंदिराच्या उत्खननात त्याला लागूनच तीन भोजनकक्ष सापडले, प्रत्येकात अकरा बैठका. ओळखीपाळखीची माणसं तिथे जेवायला बोलवायची. आपल्याकडे सोसायटीच्या आवारात मांडव, पूजा आणि महाप्रसाद एकत्रच असतात, त्यामुळे ही अडचण मुंबईकराला समजावून सांगावी लागत नाही. पौल प्रसंगानुसार उत्तर देतो.

पूजा चालू आहे आणि तुम्ही तिचा भाग होणार आहात: नाही. प्रभूच्या मेजात, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या प्रभुभोजनात, आणि पूजेच्या मेजात एकाच वेळी वाटा घेता येत नाही (१ करिंथकर १०:१४-२२). आरतीला उभं राहणं, ताम्हण हातात घेणं, ऑफिसात दसऱ्याला मशीनला हार घालणं हे यात येतं. तिथे हजर असणं आणि सहभागी होणं यात फरक आहे. विसर्जनाच्या रांगेत मुलांना पाणी वाटणं, गर्दी आवरणं, म्हाताऱ्यांना जिन्यावरून उतरवणं ही कामं आपणहून मागून घ्या. वर्गणीचंही तसंच. रक्तदान शिबिरासाठी किंवा वह्यावाटपासाठी देतो, असं सांगून द्या आणि पावतीवर तसं लिहून घ्या.

बाजारातून आलेलं, कुठून आलं ते माहीत नसलेलं: खा, चौकशी करू नका (१०:२५). दिवाळीच्या फराळाचा डबा, ऑफिसात फिरणारे पेढे, हॉटेलातली थाळी. गल्ल्याजवळ देव्हारा दिसला म्हणून उडप्याच्या हॉटेलातून उठून जायचं कारण नाही. प्रत्येक पेढ्यामागे ‘हा कसला?’ असं विचारणाऱ्याला वाटतं आपण फार जपून वागतो. प्रत्यक्षात पौलाने नेमकं हेच करू नका म्हटलं आहे.

कोणाच्या घरी जेवायला बोलावलंय: जे वाढतील ते खा (१०:२७). पण कोणी ‘हा नैवेद्य आहे’ असं सांगितलं, तर सांगणाऱ्यासाठी थांबा (१०:२८-२९). सांगणारा यजमान असो की सोबत आलेला विश्वासणारा, त्याच्या मनात त्या घासाला अर्थ आहे, आणि तुम्ही खाल्लंत तर तोच अर्थ तुमच्याही नावावर लागतो.

आता काकूंची वाटी. त्या ‘प्रसाद आहे गं’ म्हणूनच देतात, म्हणजे सांगून झालेलं असतं. आमच्या मते इथे न खाणंच बरं. पण ती वाटी मुकाट्याने घ्यायची आणि दार लावल्यावर डस्टबिनमध्ये रिकामी करायची, हा सगळ्यात वाईट मार्ग. ते कधी ना कधी कळतं, आणि काकू दुखावतात त्या प्रसादावरून नाही, लबाडीवरून. दारातच सांगा: ‘काकू, आठवणीने आणलंत, बरं वाटलं. देवापुढे ठेवलेलं मी खात नाही, मनात धरू नका. दिवाळीच्या चकल्या कराल तेव्हा माझा वाटा ठेवा.’ आणि चकल्यांचा डबा आला की तो रिकामा परत पाठवू नका. नाताळच्या करंज्या त्यात घालून द्या. वर्षभर येणंजाणं असलेल्या घरात असा नकार सहज पचतो. जिथे एरवी बोलणंच नाही, तिथे मात्र तोच नकार उद्धटपणा वाटतो.

‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

भायखळा, गिरगाव इथल्या जुन्या मंडळ्यांमध्ये तिसऱ्या-चौथ्या पिढीची ख्रिस्ती कुटुंबं आहेत. अमेरिकन मिशनरी मुंबईत आले १८१३ मध्ये, म्हणजे इथल्या मराठी मंडळीला दोनशेहून अधिक वर्षांचा वारसा आहे. या घरांत वाढलेल्या तरुणाला मोदक म्हणजे फक्त मोदक. तो खातो, त्याचं मन त्याला टोचत नाही, आणि तो हे स्वतःच्या विश्वासाचं बळ समजतो. बरेचदा ते बळ नसून नुसतं अंतर असतं. त्याने त्या देव्हाऱ्यापुढे कधी हात जोडलेलेच नसतात.

त्याच्याच बाकावर गेल्या वर्षी बाप्तिस्मा घेतलेली एक बाई बसलेली असते. सासरचे सगळे गणपतीला गावी जातात, ती एकटी खोलीत राहते, फोनवर नणंदेचं ऐकून घेते. ‘एवढंसं खाल्लं तर काय बिघडतं?’ हे वाक्य तिने शंभरदा ऐकलेलं असतं. तेच वाक्य आता मंडळीतला तरुण, तोही कॉयरमध्ये गाणारा, हसत हसत म्हणतो. तिला ज्ञान मिळत नाही, परत जायला वाट मिळते. मन ‘नको’ म्हणत असताना ती खाते, आणि विश्वासाने न केलेलं ते पाप ठरतं (रोमकर १४:२३). ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला त्याचा तुझ्या अन्नाने नाश करू नकोस (१४:१५), हे पौल इतक्या कडक शब्दांत का लिहितो ते इथे कळतं.

ग्लास

कोकण किनाऱ्यावरच्या आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांतल्या ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या कॅथलिक समाजाच्या) लग्नांत पेय हा पाहुणचाराचा भाग आहे. अनेक मराठी प्रॉटेस्टंट घरांत मात्र दारूला शिवतही नाहीत, आणि त्यामागे बहुधा आजोबांच्या दारूने उद्ध्वस्त झालेला संसार असतो. दोन्ही घरं एका मांडवात आली की काय करायचं? टोस्टच्या वेळी ग्लास उचला, त्यात सरबत घ्या. तुमचा उंचावलेला हात सगळे पाहतात, आत काय आहे ते कोणी पाहत नाही. पिणाऱ्यांना त्या दिवशी प्रवचन देऊ नका. आणि तुम्ही घेणारे असाल, तर दारू सोडायची धडपड करणारा कोणी त्या टेबलावर आहे का ते आधी पाहा. असेल, तर ग्लास खाली ठेवा आणि त्याच्यासोबत जेवायला उठा. तुम्ही त्याच्यासाठी नाही घेतली, हे त्याला सांगू नका. सांगितलंत की त्यागाचं ओझं त्याच्या डोक्यावर गेलं.

व्हॉट्सॲप स्टेटसला ग्लासाचा फोटो टाकण्याआधी तो पाहणाऱ्यांची यादी आठवा. त्यात संडे स्कूलची मुलं असतात, त्यांचे बापही असतात. फोटो न टाकणं हा ढोंगीपणा नव्हे. तुझा जो विश्वास आहे तो देवासमोर तुझ्यापाशी ठेव, असं पौलच सांगतो (रोमकर १४:२२). कोणी सरळ विचारलं आणि तुम्ही ‘मी कधीच घेत नाही’ म्हणालात, तर ते मात्र खोटं.

प्रभुभोजनात वाइन वापरणाऱ्या मंडळीने व्यसनातून बाहेर आलेल्यांसाठी वेगळी सोय ठेवावी, आणि ती त्यांनी मागण्याआधी. पाव किलो काळे मनुके धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी त्याच पाण्यात वीस मिनिटं मंद आचेवर उकळा, कुस्करून स्वच्छ फडक्यातून गाळा. साधारण पाऊण लिटर रस निघतो. दहा मिलिलिटरच्या पेल्यांनी सत्तरेक माणसांना पुरतो. शनिवारी करून फ्रिजमध्ये ठेवा; मुंबईच्या उकाड्यात बाहेर राहिला तर फसफसायला लागतो, आणि मग जे टाळायचं होतं तेच पेल्यात येतं. ट्रेमध्ये हे पेले एका बाजूला ठेवून संबंधितांना उपासनेआधीच हळूच सांगा. ‘ज्यांना चालत नाही त्यांनी डावीकडचा घ्या’ अशी घोषणा वेदीवरून केली तर सगळ्यांच्या माना वळतात.

ठेच कोणाला लागते, आणि नुसतं खटकतं कोणाला

दुसऱ्याला ठेच लागू नये, म्हणजे आपलं पाहून त्याने मनाविरुद्ध वागू नये, म्हणून आपण सोडून द्यायचं, या शिकवणीचा सगळ्यात मोठा गैरवापर इथे होतो. तीस वर्षं मंडळीत असलेले, समितीवर बसणारे गृहस्थ म्हणतात, ‘त्या मुलीच्या टिकलीने मला ठेच लागते.’ त्यांना एकच प्रश्न मनातल्या मनात लावून पाहा: तिचं पाहून हे स्वतः मनाविरुद्ध टिकली लावणार आहेत का? नाही. मग ही ठेच नव्हे, नापसंती आहे. न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण, हे शब्द त्यांच्यासाठी आहेत (रोमकर १४:३-४). परूशी (नियमांबाबत कडक यहुदी पुढारी) नाराज झाल्याचं शिष्यांनी येशूला सांगितलं, तेव्हा त्याने आपले शब्द मागे घेतले नाहीत (मत्तय १५:१२-१४).

अशा वेळी त्या मुलीला टिकली काढायला लावली, तर मंडळीला चुकीचा धडा मिळतो: जो मोठ्याने तक्रार करेल त्याचा विवेक सगळ्यांचा कायदा. ज्याचं मन अजून अशा गोष्टीला तयार नाही त्याला पौल दुर्बळ म्हणतो. अशा एकाच्या दुर्बळपणासाठी तुम्ही स्वतःहून सोडलेली गोष्ट हे प्रेम. तीच नोटीस बोर्डावर लागली की तो नियम झाला, आणि दोन वर्षांनी नवीन येणाऱ्याला वाटतं की ख्रिस्ती होणं म्हणजे हेच.

दुर्बळ कायम दुर्बळ राहू नये म्हणून

सोडून देणं ही निम्मी जबाबदारी झाली. उरलेली निम्मी शिकवण्याची, आणि ती बहुतेक जण टाळतात. चार बैठका ठेवा, त्याच्या घरी किंवा चहाच्या टपरीवर, दोघांतच. पहिल्या वेळी प्रेषितांची कृत्ये १० वाचा, पेत्राला दृष्टान्तात दिसलेली, सगळ्या प्रकारचे प्राणी असलेली चादर. मग १ करिंथकर ८. तिसऱ्या वेळी अध्याय १०, चौदाव्या ओवीपासून शेवटापर्यंत. शेवटी रोमकर १४. तुमचं मत शेवटपर्यंत राखून ठेवा आणि त्यालाच विचारत राहा: ‘इथे पौल कोणाशी बोलतोय? तू यातला कोण?’ चौथ्या बैठकीनंतरही त्याचं मन तयार नसेल तर ढकलू नका. प्रत्येकाने आपल्या मनाची पक्की खातरी करून घ्यावी (१४:५), यात त्याचा वेगही धरलेला आहे. व्यसनाची पार्श्वभूमी असेल तर ‘आता तू मोकळा आहेस, घे’ हे कधीच म्हणू नका. तो दुर्बळपणा विश्वासाचा नाही, तिथे मोकळीक म्हणजे न घेणंच. त्याला सोबत हवी असते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या) सभा मुंबईत मराठीतही होतात, पहिल्या वेळी त्याच्याबरोबर जा.

ठेच लागून गेली असेल तर

त्याच आठवड्यात भेटा. मेसेजवर नको, ग्रुपवर तर नकोच. पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला भेटावं. पहिलं वाक्य स्पष्टीकरणाचं नसावं. ‘त्यात पाप नव्हतं, पण’ अशी सुरुवात झाली की समोरचा पुढचं ऐकत नाही. ‘माझ्या वागण्याने तू अडखळलास, मला माफ कर’ एवढं म्हणून थांबा आणि त्याला बोलू द्या. तो रागावला तर रागावू द्या. मग विचारा की काय झालं, पुन्हा प्यायला का, घरी कळलंय का, पैसे कोणाचे देणं आहे का. प्रार्थना त्यानंतर. पाळकांना सांगायचं असेल तर त्याला विचारून सांगा, आणि प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली महिला संघात त्याचं नाव जाणार नाही याची काळजी घ्या. पुढचे काही रविवार उपासनेत त्याच्या शेजारीच बसा. तो आला नाही, तर दुपारी जेवायच्या आधी त्याच्या घरी जा.