जुन्या पिकअपला दुसरी इंधनटाकी बसवताना

विलीज या अमेरिकन जीपच्या आराखड्यावर बनलेल्या महिंद्राच्या जुन्या गाड्यांमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते आणि तिच्यात साधारण ४० लिटर पेट्रोल मावते. कार्ब्युरेटरचे इंजिन, मागे भरलेला हौदा आणि घाटाचा चढ असा योग आला की लिटरमागे सहा-सात किलोमीटरच्या पुढे हिशेब जात नाही, आणि ठाण्याहून निघालेली गाडी एका टाकीत रत्नागिरीही गाठत नाही. महामार्गावर आज पंपांची वाण नाही. तरीही कोकणातल्या आडवाटांनी हिंडणाऱ्यांना आणि ज्यांच्या गाडीला मुळात दुसरी टाकी होती पण मधल्या काळात कोणीतरी ती काढून टाकली, अशांना हे काम करावेसे वाटते. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन फोर्ड आणि शेव्हरोले पिकअपना दुसरी टाकी कारखान्यातूनच पर्याय म्हणून मिळत असे, त्यामुळे ही कल्पना गाडीच्या स्वभावाला सोडून नाही.

टाकी घडवून देणारे कारागीर वागळे इस्टेटपासून रबाळे-तुर्भ्यापर्यंत सहज मिळतात. काम पुढे बिघडते ते बहुतेक वेळा टाकीमुळे नव्हे, तर हवेची वाट, कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचे ते ठरवणारा दोन टाक्यांमधला कॉक आणि न जळलेले इंधन टाकीकडे आणणारी परतीची नळी या तीन गोष्टींकडे कोणी नीट पाहिलेले नसते म्हणून. या लेखाचा बराचसा भाग त्यामुळे या तिन्हींसाठीच राखला आहे.

आधी कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येत नाही. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२-अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून पत्रा कापण्यापूर्वी, गाडी एमएच ०४ असेल तर ठाण्याच्या आणि एमएच ४३ असेल तर नवी मुंबईच्या परिवहन कार्यालयात लेखी अर्ज करावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे. निर्मात्याच्या मूळ पुस्तिकेत दुसऱ्या टाकीचा उल्लेख असेल तर त्या पानाची प्रत अर्जाला जोडावी. विमा कंपनीलाही कळवून पोच घ्यावी, कारण आग लागल्यावर पाहणीला येणारा माणूस सर्वांत आधी हीच टाकी पाहील.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. या गाड्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. या नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात असावी लागते आणि प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. अशी नोंदणी घेतलेल्या किंवा घेऊ इच्छिणाऱ्या मालकाने निर्मात्याने न दिलेली टाकी बसवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागा

टाकीसाठी तीन जागा सुचतात. आसनामागची जागा सोपी दिसते, परंतु तिथे पेट्रोल माणसांच्या पाठीशी येते आणि वाफ केबिनमध्ये कोंडते. चासीच्या बाहेरच्या अंगाला टाकी लटकवली की भरायला सोयीचे पडते. मात्र बाजूने धडक बसली तर टाकी आणि धडक यांच्यामध्ये फक्त हौद्याचा पत्रा उरतो. जनरल मोटर्सच्या १९७३ ते १९८७ च्या पिकअपमध्ये टाक्या नेमक्या अशाच बाहेरच्या अंगाला होत्या, त्यावरून अमेरिकेत मोठे खटले झाले, आणि १९८८ च्या नव्या रचनेत कंपनीने टाकी चासीच्या आत घेतली. इतका अनुभव जमेस असताना आपण पुन्हा त्या जागेकडे वळण्याचे कारण नाही.

उरते ती हौद्याखालची, चासीच्या दोन पट्ट्यांमधली जागा. बहुधा मागच्या धुरीच्या मागे, जिथे जादा चाक टांगलेले असते. हीच निवडावी. मोजमाप घेताना गाडी जॅकवर उचलून न घेता हौद्यात वजन भरून घ्यावे, म्हणजे पाटे पूर्ण दबल्यावर धुरी कुठवर वर येते ते दिसते. सायलेन्सरच्या नळीपासून किमान वीतभर अंतर ठेवावे, आणि तेवढे मिळत नसेल तर मध्ये पत्र्याची उष्णतारोधक ढाल लावावी. टाकीचा तळ चासीच्या खालच्या कडेपेक्षा खाली येऊ देऊ नये, कारण आपल्याकडचे गतिरोधक एका मापाचे नसतात.

टाकी

७५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि २० उंच अशी टाकी ४५ लिटरची होते. ती काठोकाठ भरायची नसते. पेट्रोल तापले की दर अंशामागे साधारण हजारात एक भाग फुगते. म्हणजे पंपाच्या भूमिगत टाकीतून आलेले थंड पेट्रोल दुपारी घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत वीस अंशांनी तापले तर ४५ लिटरचे जवळपास एक लिटर वाढते. म्हणून भरण्याची नळी टाकीत अशा उंचीवर जोडावी की वरचा किमान पाच टक्के भाग आपोआप रिकामा राहील. १.६ मिलिमीटर पत्र्याची ही टाकी आतल्या आडपडद्यांसह सुमारे १२ किलोची होते, त्यात ४२ लिटर पेट्रोलचे ३१ किलो मिळवले की धुरीच्या मागे त्रेचाळीस-चव्वेचाळीस किलोंचा भार पडतो. हौद्यात माल भरताना तेवढा भार वजा धरावा.

आडपडदे दर पंचवीस-तीस सेंटिमीटरवर हवेत आणि त्यांचे चारही कोपरे कापलेले हवेत, म्हणजे पेट्रोल हळूहळू इकडून तिकडे जाते, पण वळणावर एकदम आदळत नाही. खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लक्षात घेता साध्या लोखंडापेक्षा ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील परवडत असेल तर तेच घ्यावे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतले पाणी ओढून घेते, आणि पावसाळाभर अर्धवट भरून ठेवलेल्या लोखंडी टाकीचा तळ त्यामुळे आतून गंजतो. तळाशी सर्वांत खोल जागी निचऱ्याचा बोल्ट ठेवावा.

जोडकाम पूर्ण झाल्यावर टाकीची सगळी तोंडे बंद करून सायकलच्या हातपंपाने केवळ दोन पीएसआय हवा भरावी आणि ब्रशने साबणाचे पाणी प्रत्येक सांध्यावर फिरवावे. कॉम्प्रेसर लावू नये, सपाट पत्रा तेवढ्यानेही फुगतो. गळती असली तर ती बहुतेक वेळा कोपऱ्यात सापडते. तिथे साबणाचा मोठा फुगा येतोच असे नाही. मोहरीएवढ्या बुडबुड्यांची पांढरी रेघ सावकाश वाढत जाते आणि ती दिसायला मिनिटभर थांबावे लागते. ही चाचणी फक्त कोऱ्या टाकीची. पेट्रोल पाहिलेल्या टाकीला वेल्डिंगची ठिणगी कधीही दाखवू नये, मग ती कितीही धुतलेली आणि कितीही वर्षे कोरडी असो. हवेत दीड टक्का पेट्रोलची वाफ असली तरी ती पेटते, आणि तेवढी वाफ सांध्यात अडकलेल्या गाळातूनही निघते.

टाकी चासीलाच बांधावी, हौद्याच्या पत्र्याला नव्हे. दोन रुंद पट्ट्या आणि त्यांच्याखाली रबर ही पद्धत सर्वांत चांगली, कारण खडबडीत रस्त्यावर चासी पिळवटते आणि घट्ट बोल्ट केलेल्या टाकीचे सांधे त्या पिळाने फाटतात. नमद्याचे तुकडे वापरू नयेत, ते पाणी धरून ठेवतात. भोके चासीच्या उभ्या अंगात पाडावीत. वरच्या आणि खालच्या आडव्या कडांना हात लावू नये.

हवेची वाट

टाकीतून जेवढे पेट्रोल बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते. ती वाट नसेल तर अर्ध्या तासाने इंजिन गचके देऊ लागते, झाकण उघडताच हवा सूं करून आत ओढली जाते आणि गाडी पुन्हा सुरळीत चालते. फिटर कार्ब्युरेटर उघडून बसतो आणि दोष मात्र झाकणात असतो. पूर्वीच्या झाकणांना हवेचे छिद्र असे. बाजारात आज मिळणारी बरीच झाकणे बंदिस्त असतात.

दुसऱ्या टाकीला हवेच्या दोन वेगळ्या नळ्या द्याव्यात. पहिली, भरण्याच्या नळीला समांतर, टाकीच्या माथ्यापासून तोंडापर्यंत. पेट्रोल भरताना आतली हवा हिच्यातून बाहेर पडते. ही नसली किंवा चिंचोळी असली तर पंपावरची बंदूक पाच-पाच लिटरला खटकन बंद पडते आणि तोंडातून पेट्रोल उसळते. दुसरी नळी नेहमीच्या श्वासोच्छ्वासासाठी, टाकीच्या माथ्यावरून निघून वर चढवलेली, गाडी उलटली तर बंद होणाऱ्या झडपेसह. तिचे टोक केबिनपासून आणि सायलेन्सरपासून दूर उघड्यावर सोडावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असल्याने खाली साचते, म्हणून ते टोक हौद्याच्या बंद खणात कधीही ठेवू नये.

भरण्याचे तोंड, टाकी आणि चासी यांना तांब्याच्या वेणीने एकमेकांशी जोडावे. मधल्या रबरी नळीमुळे तोंड चासीपासून तुटलेले असते आणि पेट्रोल ओतताना त्यावर स्थिर वीज साठते.

कॉक आणि परतीची नळी

दोन्ही टाक्यांच्या नळ्या नुसत्या टीने, म्हणजे इंग्रजी ‘टी’ आकाराच्या जोडाने, जोडणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक युक्ती आहे. वरच्या टाकीतले पेट्रोल खालच्या टाकीत उतरत राहते आणि रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी थारोळ्यात सापडते. मध्ये निवडीचा कॉक हवाच. कार्ब्युरेटरच्या साध्या इंजिनाला, ज्याला परतीची नळी नाही, तीन तोंडांचा कॉक पुरतो. तो चासीच्या पट्टीवर बसवून दांडीने किंवा विजेवर फिरवावा. कॉक केबिनमध्ये आणला की पेट्रोलची नळीही केबिनमध्ये येते.

डिझेल इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. पंपाकडे गेलेल्या डिझेलपैकी बराच भाग न जळता टाकीकडे परत येतो. पुरवठा दुसऱ्या टाकीतून आणि परती पहिल्या टाकीत अशी जोडणी झाली तर पहिली टाकी भरून वाहू लागते. तिथे सहा तोंडांचा कॉक लागतो, जो पुरवठा आणि परती एकाच वेळी बदलतो. डिझेल गाडीसाठी मी मात्र वेगळी रचना पसंत करतो: इंजिनाच्या मूळ नळ्यांना हात न लावता दुसऱ्या टाकीतले डिझेल लहान विद्युत पंपाने मुख्य टाकीत सोडावे. नळीत हवा शिरून इंजिन अडण्याचा प्रश्नच त्यामुळे उरत नाही. पंपाचे बटण दाबून धरावे लागणारे असावे. चालू करून विसरता येणारे बटण लावले तर मुख्य टाकी ओसंडेल.

रबरी नळी इथेनॉल सोसणारीच घ्यावी. दुकानात एसएई जे-३० आर-९ असे छापलेली मागावी. लांब अंतर धातूच्या नळीने कापावे, रबर फक्त दोन्ही टोकांना ठेवावे, आणि दर दीड फुटावर क्लिप लावावी. प्रत्येक टाकीला कॉकच्या आधी स्वतंत्र फिल्टर द्यावा, म्हणजे एका टाकीचा कचरा दुसरीचे काम अडवत नाही.

काटा

डॅशबोर्डवरचा एकच काटा दोन्ही टाक्यांना चालतो, परंतु नवा फ्लोट, म्हणजे टाकीतली पातळी काट्याला कळवणारा तरंगता भाग, जुन्या काट्याच्या मापाचा हवा. जुन्या जनरल मोटर्सच्या (जीएम) गाड्यांत रिकाम्या टाकीला शून्य आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम रोध असतो, तर त्या काळच्या फोर्डमध्ये रिकाम्या टाकीला सुमारे ७३ आणि भरलेल्या टाकीला सुमारे १०. म्हणजे फोर्डच्या काट्याला जीएमचा फ्लोट लावला तर तो उलटेच सांगेल. कॉक विजेवरचा असेल तर दुहेरी खटका वापरावा, ज्याचा एक भाग कॉक फिरवतो आणि दुसरा फ्लोट बदलतो. या वायरिंगला स्वतंत्र फ्यूज द्यावा आणि सर्व काम बॅटरीची ऋण तार काढूनच करावे.

चाचणी

हे काम सोसायटीच्या तळघरात किंवा पोडियमखाली करू नये आणि गॅरेजच्या खड्ड्यावरही करू नये. जड वाफ तिथे तळाशी बसते आणि बाहेर पडत नाही. मोकळे अंगण, हाताशी पावडरचे अग्निशामक आणि पिवळ्या बल्बऐवजी सेलची बंद टॉर्च एवढी तयारी असावी. पहिल्यांदा पाचच लिटर टाकून सगळे सांधे कोरड्या कागदाने पुसून पाहावेत. मग अर्धी टाकी भरून गाडी रात्रभर मोकळ्या जागी कोऱ्या पुठ्ठ्यावर उभी करावी. दुसऱ्या दिवशी पूर्ण भरून, दोन्ही टाक्यांवर आलटून पालटून, बेलापूरजवळच्या पारसिक टेकडीचा चढ घ्यावा. चढावर भरल्या टाकीच्या तोंडाशी ओल दिसली तर झाकण बदलावे; इंजिन गुदमरले तर हवेची नळी पुन्हा तपासावी. शंभर किलोमीटर झाल्यावर पट्ट्यांचे नट पुन्हा आवळावेत, आणि दोन्ही फिल्टर पहिल्या महिन्यातच बदलावेत, कारण नव्या टाकीतला वेल्डिंगचा चुरा तोपर्यंत तिथे येऊन बसलेला असतो.