मिक्सिंगला जाण्याआधी मिडीचा ऑडिओ करून घ्या

कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत पेन ड्राइव्ह घेऊन मिक्सिंगला, म्हणजे सगळे ट्रॅक जुळवून एक गाणं करायला, जाणार असाल, तर सगळ्या मिडी ट्रॅकचा ऑडिओ आदल्या दिवशीच घरी करून ठेवा. मिडीत आवाज नसतो. कुठला सूर, किती जोरात, किती वेळ, एवढंच असतं. तुमचं सतारीचं प्लगइन, म्हणजे मिडीला आवाज देणारं सॉफ्टवेअर, तिथल्या कॉम्प्युटरवर नसेल तर तो ट्रॅक मुकाच राहणार.

आधी टेम्पो आणि पट्टी पक्की करा, मग प्रोजेक्टची नव्या नावानं कॉपी करा. मूळ मिडी पुसू नका. गायिकेनं ऐनवेळी काळी चारऐवजी पांढरी पाच मागितली तर तीच कामाला येते.

आता एकेक ट्रॅक सोलो करून, म्हणजे बाकीचे बंद ठेवून, शेवटपर्यंत ऐका. सूर लटकून राहत असेल तर सस्टेन पेडल, म्हणजे कंट्रोलर 64, शेवटी 0 वर आलाय का बघा. बासरी-शहनाईची मींड जास्त दगा देते. पिच बेंडची, म्हणजे सूर वर-खाली सरकवण्याची, रेंज बऱ्याच मिडी वाद्यांत मुळात 2 सेमीटोन (अर्धे सूर) असते. तुम्ही 12 ठेवून सा ते प मींड काढली आणि प्लगइन पुन्हा उघडताना रेंज 2 वर आली, तर तीच मींड कोमल रिषभाच्या जरा पुढे जाऊन थांबते. ऑडिओ झाल्यावर हे नीट दुरुस्त होत नाही.

ढोलकी, ताशा, टाळ एकाच मिडी ट्रॅकवर असतील तर वेगवेगळे करा. हलगी मात्र वादकाकडूनच वाजवून घ्या. कोल्हापुरात राहून मिडीच्या हलगीवर भागवू नये. मिडीची हलगी द्यायचीच तर फाइलच्या नावात ‘गाईड’ लिहा, म्हणजे तो ट्रॅक तात्पुरता आहे हे कळतं.

ऑडिओ काढताना मास्टरवरचा (शेवटच्या एकत्र आउटपुटवरचा) लिमिटर आणि आवाज आपोआप वाढवणारं नॉर्मलाइज बंद, पीक (सगळ्यात मोठा आवाज) −6 डीबीच्या आसपास, 24 बिट वेव्ह, सॅम्पल रेट प्रोजेक्टचाच. 48 किलोहर्ट्झला स्टिरिओ फाइल मिनिटाला साधारण 17 एमबी होते. पाच मिनिटांच्या गाण्याचे 12 ट्रॅक म्हणजे जवळपास 1 जीबी. वाद्य तिसऱ्या कडव्यात येत असलं तरी प्रत्येक फाइल गाण्याच्या अगदी सुरुवातीपासूनच काढा, नाहीतर स्टुडिओत ट्रॅक जुळवण्यातच तास जातो. शेवटी दोन बार जास्त ठेवा, नाहीतर टाळांचा झणकार मध्येच तुटतो.

मिडीचा ऑडिओ करायची कमांड सॉफ्टवेअरनुसार वेगळी: रीपरमध्ये रेंडर, क्यूबेसमध्ये रेंडर इन प्लेस, लॉजिकमध्ये बाउन्स इन प्लेस. रेंडरमध्ये सूर गळत असतील किंवा टकटक येत असेल तर रिअल टाइमला, म्हणजे गाणं वाजतं त्याच वेगानं, करा.

आवाज प्लगइनचे नसून कीबोर्डचेच असतील तर रेंडर चालत नाही. बहुतेक कीबोर्डांची यूएसबी केबल फक्त मिडी नेते. लाइन आउटच्या डाव्या-उजव्या दोन्ही केबल ऑडिओ इंटरफेसला (आवाज कॉम्प्युटरात घेणाऱ्या डब्याला) लावा आणि गाणं पूर्ण वाजवून रेकॉर्ड करा. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, म्हणून कीबोर्ड यूपीएसवर ठेवा आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज करा. घुंई ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा.

सगळ्या फाइल रिकाम्या प्रोजेक्टमध्ये 0 पासून टाका आणि हेडफोनवर गाणं एकदा पूर्ण ऐका. फाइलच्या नावात क्रमांक, वाद्य आणि टेम्पो हवाच.