पावसाळ्यात मोटरसायकलचा एअर फिल्टर कोरडा कसा ठेवावा

आभाळातून पडणारा पाऊस सहसा एअर फिल्टरपर्यंत पोचतच नाही. फिल्टर प्लास्टिकच्या बंद डब्यात असतो. त्या डब्याचं हवा ओढायचं तोंड बहुतेक गाड्यांत सीटखाली, आडोशाला असतं आणि आत आलेलं थोडंफार पाणी साठायला तळाशी एक नळी दिलेली असते. तरीही जुलै उजाडला की गॅरेजमध्ये ओल्या फिल्टरच्या गाड्या येऊ लागतात. बहुतेक वेळा दोष डब्याभोवतीच्या बारीकसारीक गोष्टींत सापडतो: एखादा गायब स्क्रू, कडक झालेलं रबर, हौसेनं काढून टाकलेलं मडगार्ड. म्हणून फिल्टरला काही गुंडाळण्याआधी त्याचा डबा नीट बंद होतोय का, ते पाहा.

मे महिन्यात वळवाचे एक-दोन पाऊस झाले की हे काम उरकून घ्यावं. लागणारं सामान घरात असतंच: एक स्क्रू ड्रायव्हर, आठ आणि दहा नंबरचा पाना, जुनं सुती फडकं आणि टॉर्च.

आधी डबा उघडा

गाडी मेन स्टँडवर लावा आणि साइड कव्हर काढा. काही गाड्यांत सीटही काढावी लागते. झाकण उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे नळ्या आणि क्लिपा परत लावताना गोंधळ होत नाही.

झाकणाचे स्क्रू मोजा. कंपनीनं दिलेल्यांपैकी एखाद-दुसरा नाही, असं जुन्या गाड्यांत फार वेळा दिसतं. प्लास्टिकमधले आटे गेले की स्क्रू फिरत राहतो आणि घाईच्या सर्व्हिसिंगमध्ये तो लावायचा राहून जातो. त्या कोपऱ्यात झाकण किंचित उचललेलं राहतं आणि मागच्या चाकानं उडवलेलं पाणी नेमकं तिथून आत शिरतं. आटे गेले असतील तर किंचित जाड स्क्रू बसवा, पण सगळ्या जागा भरल्याच पाहिजेत.

आता झाकणाच्या खाचेतल्या रबरावरून बोट फिरवा. ते सलग आणि मऊ लागायला हवं. कुठे चपटं झालं असेल, तुटलं असेल किंवा बोटाला भुकटी लागत असेल, तर नवं घ्या. त्याला फार खर्च येत नाही. सिलिकॉन सीलंट लावून झाकण चिकटवून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पुढच्या वेळी ते उचकटताना डब्याची कडच तुटते. रबराला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला तर पुरतं.

शेवटी अंधारात डब्याच्या आत टॉर्च लावून बाहेरून बघा. कुठे चीर गेली असेल तर तिथून उजेड दिसतो.

मग फिल्टर पाहा

फिल्टरला दोन बाजू असतात: बाहेरची हवा येते ती मळकी बाजू आणि इंजिनकडची स्वच्छ बाजू. स्वच्छ बाजूला धूळ किंवा पाण्याचे ओघळ दिसले, तर हवा फिल्टरमधून न जाता कडेनं आत जाते आहे, असं समजा. ही गोष्ट ओल्या फिल्टरहून गंभीर आहे, कारण धूळ सिलिंडर आणि पिस्टन रिंग घासून टाकते.

फिल्टर कुठल्या प्रकारचा आहे, त्यावर पुढचं काम ठरतं.

कोरड्या कागदाचा असेल तर हलक्या हातानं झटका. हवा मारायची झाली तर कमी दाबाची आणि स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे मारा. हा कागद धुवायचा नसतो. एकदा भिजून फुगला की वाळल्यावरही त्याच्या घड्या पूर्वीसारख्या राहतीलच असं नाही.

तेल लावलेल्या कागदाचा फिल्टर हाताला किंचित चिकट लागतो. त्याला हवासुद्धा मारू नका. तो साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो. किती किलोमीटरला, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. तो टप्पा पावसाळ्याच्या मध्यात येत असेल तर आधीच बदलून घ्या.

फोमचा फिल्टर धुता येतो. रॉकेलमध्ये बुडवून दाबून काढा; पिळू नका, फोम फाटतो. पूर्ण वाळवा, मग फोमच्या फिल्टरचं तेल किंवा पुस्तिकेत सांगितलेलं ऑइल लावून जादाचं दाबून काढा. तेलाचा हा थर धूळ धरून ठेवतोच, शिवाय पाण्याचे बारीक तुषारही बऱ्याच अंशी अडवतो.

तळाची नळी विसरू नका

डब्याच्या खाली बोटभर लांबीची, बहुतेक वेळा पारदर्शक नळी लोंबत असते आणि तिच्या टोकाला बूच असतं. इंजिनच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आलेली तेलाची वाफ आणि डब्यातलं पाणी इथे साठतं. पावसाळ्यात दर आठवड्याला ती बघा. काही दिसलं तर खाली फडकं धरून बूच काढा, रिकामी करा आणि बूच परत लावा. बूच हरवलं असेल तर नवं बसवा, कारण उघड्या नळीतून धूळही वर ओढली जाते. नळीत पांढरट, दाट लगदा दिसला तर ते तेलात मिसळलेलं पाणी. गाडी रोज जेमतेम एक-दोन किलोमीटरच चालत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही आणि वाफ तिथे जमते. मग आठवड्यातून एकदा लांब फेरी मारून आणावी.

डब्याच्या आजूबाजूला

मागच्या चाकावरचं आतलं मडगार्ड किंवा रबरी फडफड्या काढून टाकल्या असतील तर पावसाळ्यापुरत्या तरी परत लावा. चाकाचं सगळं पाणी त्याच अडवतात. साइड कव्हरचे रबरी बूश तपासा. सीटचं कव्हर फाटलं असेल तर शिवून घ्या. आतला स्पंज पाणी धरून ठेवतो आणि तुम्ही बसलात की ते दाबलं जाऊन थेट हवेच्या तोंडाजवळ गळतं.

प्लास्टिकची पिशवी मात्र डब्याच्या तोंडाला कधीही बांधू नका. इंजिनला हवा कमी पडते आणि पिशवी आत ओढली गेली तर गाडी रस्त्यातच बंद पडते. बाहेरून बसवलेला उघडा कोनाकृती फिल्टर असेल, तर माझं स्पष्ट मत असं की जून ते सप्टेंबर मूळ डबाच परत बसवावा. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल किती जायचं ते ठरवणारी बारीक छिद्रं) बदलले असतील तर तेही पूर्ववत करून घ्या. अशा उघड्या फिल्टरवर घालायला पाणी न धरणाऱ्या कापडाची कव्हरं मिळतात, ती शिंतोडे अडवतात. पाण्यात बुडालेल्या फिल्टरला त्यांचा उपयोग नाही.

आणखी एक, वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप सीटखाली आणि साइड कव्हरच्या फटीत मारू देऊ नका. पावसानं जे होत नाही ते या पाइपानं एका मिनिटात होतं.

फिल्टर ओला झालाय, हे कसं ओळखावं

गाडी सुरू होते पण ओढत नाही, थ्रॉटल दिला की गुदमरते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, प्लग काढला तर काळा निघतो. हवा कमी पडल्यामुळे पेट्रोल नीट जळत नसतं. अशी गाडी रेटत नेऊ नका. डबा पुसून कोरडा करा. कागदी फिल्टर नवा टाका, फोमचा असेल तर वाळवून पुन्हा तेल लावा. फिल्टर काढून तशीच गाडी चालवायचा मोह मात्र टाळा.

साचलेल्या पाण्यात

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. एवढा पाऊस रोज नसतो, पण हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या जागी पाणी साचायला तासाभराची मुसळधार सरही पुरते. पुढच्या चाकाच्या आसापर्यंत पाणी दिसलं की मागे फिरा. जावंच लागलं तर पहिल्या गिअरमध्ये, थ्रॉटल एकसारखा धरून, मध्ये न थांबता जा. बस किंवा ट्रकपासून लांब राहा, त्यांची लाट पाण्याची पातळी क्षणात वाढवते. स्कूटरवाल्यांनी जास्त जपावं. बऱ्याच स्कूटरचा फिल्टर मागच्या चाकाजवळ खाली असतो, त्यामुळे पायाच्या फळीपर्यंतचं पाणीही धोक्याचं.

पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका, किकही नको. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत कोरड्या जागी आणा. चावी बंद ठेवून प्लग काढा. गाडी मेन स्टँडवर घेऊन वरचा गिअर टाका आणि मागचं चाक हातानं फिरवा, पाणी प्लगच्या भोकातून बाहेर उडेल. किक असेल तर आता, प्लग काढलेला असताना, हळू मारली तरी चालेल. मग इंजिन ऑइल बघा. ते चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर गाडी सुरू न करता गॅरेजला न्या आणि ऑइल बदलून घ्या. थोडं चालवून ते पुन्हा तपासा. दुसऱ्यांदाही दुधाळ निघालं तर परत बदला.