घरच्या मायनिंग रॅकची वायरिंग: पैसे घाला ते जोडात

घरात बिटकॉइनचं मायनिंग लावणारी पोरं आधी मशीन आणतात, मग त्याच्यासाठी खोली शोधतात आणि सगळ्यात शेवटी मला फोन करतात: "काका, एक सोळा अँपिअरचा पॉइंट काढून द्या ना." मी नाशकात वायरिंगची कामं घेतो. बिटकॉइन परवडतं का, ते मला विचारू नका. पण अँटमायनर एस१९ नावाचं एक मायनिंग मशीन साधारण सव्वातीन किलोवॉट खातं, म्हणजे दिवसाला ७८ युनिट आणि महिन्याला २,३०० च्या वर. घरगुती दराचा सगळ्यात महाग स्लॅब ५०० युनिटच्या पुढे लागतो, तेव्हा हिशेब तुमचा तुम्ही करा.

सामानाला हात लावण्याआधी महावितरणचं बिल काढून 'मंजूर भार' बघा. तो तीन किलोवॉट असेल तर आधी वाढवून घ्या. धंदा म्हणून चालवणार असाल तर कनेक्शनही त्या वर्गातलं हवं. ज्या कामासाठी वीज दिली ते सोडून दुसऱ्याला वापरली, तर २००३ च्या वीज कायद्याचं कलम १२६ आहेच.

आता सामान. लोक वायरच्या जाडीवर वाद घालतात, पण नीट निवडलेली वायर सहसा जळत नाही, जळतो तो जोड. एमसीबीला, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या खटक्याला, फक्त अँपिअर कळतात, सैल स्क्रू कळत नाही. ढिल्या पिनेतून १४ अँपिअर गेले तरी त्याच्या लेखी सगळं आलबेल, आणि इकडे सॉकेट वितळत असतं. सिडकोतल्या एका घरून काढलेला सोळाचा पिनटॉप मी हत्यारांच्या पेटीतच ठेवलाय, गिऱ्हाइकाला दाखवायला. न्यूट्रलची पिन निळसर काळी पडलेली, तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. फेजची पिन मात्र जवळजवळ नवी. सॉकेटातली न्यूट्रलची पितळी पत्ती दाबली की दबलेलीच राहत होती. एमसीबी एकदाही ट्रिप झाला नव्हता.

सोळाच्या सॉकेटवर गीझर वर्षानुवर्षं चालतो, हे खरं. पण तो दोन किलोवॉटचा आणि चालतो पंधरा-वीस मिनिटं. रॅकला सुट्टी नसते. सव्वातीन किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टला १४ अँपिअर. संध्याकाळी व्होल्टेज २१० वर आलं की साडेपंधरा, कारण या मशीनचा पॉवर सप्लाय वॅट सोडत नाही, व्होल्ट कमी झाले की अँपिअर जास्त ओढतो. चोवीस तासांच्या लोडला एमसीबीच्या आकड्याचे ऐंशी टक्केच धरायचे. विसाचा एमसीबी म्हणजे सोळा अँपिअर. म्हणून माझा नियम साधा: एक मशीन, एक सर्किट. डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून) थेट चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, मध्ये कुठेही जोड नाही, वर विसाचा सी-कर्व्ह (चालू होतानाच्या धक्क्याला न पडणारा) डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी. सॉकेट एसीला लावतो तसलं मेटलक्लॅड, किंवा निळं इंडस्ट्रियल. निळं थोडं महाग, पण पिना गोल, जाड आणि पकड घट्ट.

पीडीयू, म्हणजे मशीनना वीज वाटणारी सॉकेटची पट्टी, घेताना 'रॅक पीडीयू' एवढ्या नावावर जाऊ नका. बाजारात त्या नावानं बऱ्याचदा लांबट स्पाइक गार्डच विकतात: पत्र्याची पट्टी, सहा-सोळाचे इंडियन सॉकेट आणि शेवटी एक लाल खटका. तो खटका आणि आतल्या पातळ पट्ट्या हेच त्यातले कच्चे दुवे. तुम्हाला सी१३ (कॉम्प्युटरच्या कॉर्डच्या टोकाला असतं ते) आणि सी१९ (त्याचा मोठा भाऊ) आउटलेटचा पीडीयू हवा. आपल्याकडच्या मोजणीत सी१३ दहा अँपिअरचं, सी१९ सोळाचं. अमेरिकन मालावर त्याच सॉकेटांना पंधरा आणि वीस लिहिलेलं असतं. तो आकडा धरू नका. डेटा सेंटरमधून निघालेला जुना माल स्वस्त मिळतो आणि चांगलाही असतो, फक्त प्रत्येक आउटलेटमध्ये कॉर्ड घालून हलवून बघा. डुगडुगलं की ठेवून द्या.

एस१९ ला दोन कॉर्ड लागतात, प्रत्येकीतून सात अँपिअर. दोन्ही एकाच पीडीयूवर, एकाच एमसीबीखाली लावा, म्हणजे एक खटका पाडला की मशीन पूर्ण मेलं. कॉर्डवर छापलेलं वाचा: तीन गुणिले एक स्क्वेअर एमएम तरी हवं. कॉम्प्युटरच्या दुकानातली फुकटात मिळणारी कॉर्ड मॉनिटरला ठेवा. पीडीयूत मीटर असेल तर उत्तम. मोबाइलवरून आउटलेट बंद-चालू करायची सोय मात्र मी घेऊ देत नाही, कारण त्यातला प्रत्येक रिले (विजेवर चालणारा खटका) म्हणजे आणखी एक जोड.

दोन मशीन झाली की अठ्ठावीस अँपिअर. बत्तीसच्या एकाच पीडीयूवर ती बसवायचा मोह होतो, पण बत्तीसचे ऐंशी टक्के म्हणजे साडेपंचवीस. बसत नाही. तीन मशीन असतील तर थ्री फेज घ्या, फेजला एक. तिथे न्यूट्रल सुटला तर कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज चारशेकडे चढतं आणि घरातला फ्रिजही जातो. चार पोलचा मेन आणि फेजनिहाय ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले यांचे पैसे वाचवू नका.

आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थिंगला गळाला की वीज तोडणारा खटका, ३० मिलीअँपिअरचा, टाइप ए, आणि रॅकसाठी वेगळा. प्रत्येक पॉवर सप्लाय फिल्टरमधून अर्थिंगला थोडा करंट सोडतोच. घराच्या आरसीसीबीवरच सगळं टाकलं की रात्री दोनला अख्खं घर अंधारात. तो ट्रिप होतो म्हणून काढून टाकणारे वायरमनही आहेत. अशांना चहा पाजून परत पाठवा.

पीडीयू मशीनच्या गरम हवेच्या तोंडावर टांगू नका. एमसीबीचा आकडा ३० अंश तापमानाला धरलेला असतो, गरम हवेत तो आधीच पडतो आणि मग लोक मोठा एमसीबी टाकतात, जे वायरच्या जिवावर उठतं. बहुपदरी वायरच्या टोकाला लग किंवा फेरूल (तारा एकत्र धरणारी धातूची टोपी) लावून मगच स्क्रू आवळा. पूर्ण लोडवर तासभर चालवा, क्लॅम्प मीटरनं करंट मोजा आणि लेझर थर्मामीटरनं प्रत्येक प्लग, प्रत्येक एमसीबीचं टर्मिनल तपासा. शेजारच्यापेक्षा एखादं दहा अंशांनी गरम दिसलं, तर मेन पाडा आणि ते उघडा. आठवड्यानं सगळे स्क्रू पुन्हा आवळा, तेही मेन पाडूनच.